एक रिपो, तीन नावं: डॉटक्लाउड, डॉकर, मोबी

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना जिथे भरकटलो तिथे थोडी काटछाट केली आहे, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आज इतिहासच आहे, पण तलवारींचा नाही. फार जुनाही नाही, तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत असतील. २०१३ साली इंटरनेटवर एक कोडचा साठा सगळ्यांसाठी खुला झाला. त्याचा पत्ता होता डॉटक्लाउड/डॉकर. २०१४ मध्ये तो डॉकर/डॉकर झाला. २०१७ मध्ये मोबी/मोबी. म्हणजे चार वर्षांत तीन नावं. आणि या सगळ्या काळात जगभरचे प्रोग्रॅमर त्यात कोड घालतच होते, कंपन्या त्यावर आपले सर्व्हर चालवतच होत्या. काम थांबलं नाही. ते का थांबलं नाही, आणि जिथे अडलं तिथे नेमकं कशामुळे अडलं, ही आजची गोष्ट.

ज्यांचा कोडशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. रिपॉझिटरी, म्हणजे सगळे म्हणतात तो रिपो, म्हणजे एखाद्या सॉफ्टवेअरच्या सगळ्या फायली आणि त्यांच्यात आजपर्यंत झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद. ही नोंद ठेवणारं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं साधन म्हणजे गिट, आणि असे रिपो ऑनलाइन ठेवायची सगळ्यात प्रसिद्ध जागा म्हणजे गिटहब.

गिट जन्माला आलं एप्रिल २००५ मध्ये. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स आणि त्याचे सहकारी तोवर बिटकीपर नावाचं एका कंपनीचं साधन फुकटात वापरत होते. कंपनीनं ती फुकट परवानगी काढून घेतली. मग लिनसनं काही दिवसांत स्वतःचंच साधन लिहायला घेतलं. त्याची एक अट अशी होती की कुठलाही एक सर्व्हर 'मुख्य' नसावा. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर पूर्ण इतिहास असावा, आणि कोणाचीही प्रत दुसऱ्या कोणाच्याही प्रतीइतकीच खरी असावी.

या अटीचा एक परिणाम फार कमी लोकांच्या लक्षात येतो. गिटमध्ये प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंदलेल्या प्रत्येक बदलाला, एक ४० अक्षरी ओळख मिळते. ती काढली जाते फायलींच्या मजकुरावरून, आधीच्या कमिटवरून, लिहिणाऱ्याच्या नावावरून, तारखेवरून, संदेशावरून. यात रिपोचं नाव कुठेच येत नाही. रिपोला स्वतःचं नाव माहीतच नसतं! तुमच्या लॅपटॉपवर त्या फोल्डरचं नाव बदलून 'बटाटेवडा' करा, गिटला काडीचा फरक पडणार नाही. सगळा इतिहास जसाच्या तसा राहील.

मग नाव असतं कुठे? तुम्ही कुठूनही रिपो क्लोन केला, म्हणजे आपल्याकडे उतरवून घेतला, की त्यात डॉट गिट नावाचं लपलेलं फोल्डर येतं. त्यातल्या कॉन्फिग फाइलमध्ये 'ओरिजिन' या शब्दाखाली एक ओळ असते: हा रिपो अमुक पत्त्यावरून आणला. बस, एवढंच. म्हणजे नाव असतं ते रिपोकडे बोट दाखवणाऱ्यांकडे. प्रत्येक सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर, कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर, कुणाच्या तरी ब्लॉगमधल्या लिंकमध्ये, कुणी तरी छापलेल्या पुस्तकात. नाव बदलणाऱ्याच्या हातात यातली फार तर पाच टक्के जागा असते, आणि हा आकडा मी हवेतूनच काढलाय, पण मुद्दा कळला ना.

आता गिटहब. ते सगळ्यांसाठी खुलं झालं एप्रिल २००८ मध्ये. गिटनं ठरवलं होतं की मुख्य सर्व्हर नसावा, आणि गिटहब नेमकं तेच होऊन बसलं. इथे प्रत्येक रिपोला दोन भागांचा पत्ता मिळाला: आधी खात्याचं नाव, मग तिरकी रेघ, मग रिपोचं नाव. सोपा, लक्षात राहणारा, बोलून सांगता येणारा. पण या सोप्या पत्त्यात एक खोच होती. त्यात मालकाचं नाव आलं. मालक बदलला, कंपनीचं नाव बदललं, किंवा मालकाला आपलं टोपणनाव आवडेनासं झालं, की पत्ता बदलणार.

मे २०१३ मध्ये गिटहबनं रिपॉझिटरी रीडायरेक्ट आणले. रिपोचं नाव बदला, तो दुसऱ्या खात्यात हलवा किंवा खात्याचंच नाव बदला, जुन्या पत्त्यावर येणारा माणूस आपोआप नव्या पत्त्यावर पोचतो. खरी गंमत म्हणजे ही सोय फक्त ब्राउझरमधल्या लिंकपुरती नव्हती. क्लोन, फेच, पुश, ही गिटची रोजची कामंसुद्धा जुन्या पत्त्यावरून चालू राहिली. सर्व्हर फक्त टर्मिनलमध्ये एक ओळ छापतो, हा रिपो हललाय, कृपया नवा पत्ता वापरा, आणि काम करून टाकतो.

आत काय होतं ते साधं आहे. गिटहबकडे प्रत्येक रिपोला एक क्रमांक असतो आणि तो बदलत नाही. नाव म्हणजे त्या क्रमांकावर चिकटवलेली पाटी. पाटी बदलली की जुन्या पाटीची नोंद ठेवायची आणि ती त्याच क्रमांकाकडे वळवायची. आपल्या ओळखीचं उदाहरण घ्या: १९९५ मध्ये बॉम्बेचं मुंबई झालं, पण विमानतळावर बॅगेला लावतात त्या पट्टीवर आजही बी-ओ-एम हीच तीन अक्षरं असतात. जगभरच्या विमान कंपन्यांची यंत्रणा त्या अक्षरांवर चालते. शहराचं नाव माणसांसाठी, कोड यंत्रांसाठी. दोन्ही वेगळे ठेवले की एक बदलताना दुसऱ्याला धक्का लागत नाही.

आणि डॉकरच्या गोष्टीत नेमकं हेच वेगळं ठेवलं गेलं नाही.

मार्च २०१३. अमेरिकेत सँटा क्लारा इथे पायकॉन ही पायथन प्रोग्रॅमरांची परिषद भरली होती. तिथे सॉलोमन हाइक्स नावाच्या माणसानं पाच मिनिटांच्या छोट्या सत्रात एक नवीन साधन दाखवलं. त्याच्या कंपनीचं नाव डॉटक्लाउड. साधनाचं नाव डॉकर. कल्पना अशी की एखादं सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं एका डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, भरायचं आणि तो डबा कुठल्याही लिनक्स मशिनवर तसाच चालवायचा. 'माझ्या मशिनवर तर चालतंय' या जगप्रसिद्ध बहाण्यावरचा हा उतारा होता. त्याच महिन्यात कोड खुला झाला आणि पत्ता साहजिकच डॉटक्लाउड/डॉकर.

डॉकर इतकं गाजलं की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीनं आपलंच नाव बदलून डॉकर करून टाकलं. आता रिपोच्या पत्त्यात जुन्या कंपनीचं नाव अडकून पडलेलं. रीडायरेक्ट तर तोवर आले होते. मग बटण दाबायला काय हरकत?

हरकत होती भाषेची. डॉकर लिहिलंय गो या भाषेत. गोमध्ये एखाद्या कोडला दुसऱ्याचं पॅकेज वापरायचं असेल तर फाइलच्या वरच्या बाजूला त्याचा पूर्ण पत्ता लिहायचा असतो, आणि तो पत्ता बहुतेक वेळा सरळ गिटहबचाच असतो. गूगलच्या मंडळींना वाटलं असणार, किती छान, वेगळी यादी सांभाळायलाच नको, पत्ता वाचा आणि कोड आणा. मला स्वतःला ही रचना जेवढी सुंदर वाटते तेवढीच तापदायक. कारण तिनं पाटीलाच ओळख करून टाकलं. डॉकरच्या स्वतःच्या फायलीसुद्धा एकमेकींना हाक मारताना गिटहब डॉट कॉम, डॉटक्लाउड, डॉकर असा अख्खा पत्ता घेत होत्या. मघाशी म्हणालो की रिपोला स्वतःचं नाव माहीत नसतं. गोच्या रिपोला मात्र ते पाठ असतं, पानोपानी लिहिलेलं असतं.

आणि इथे रीडायरेक्ट लंगडा पडतो. समजा माझ्या प्रोग्रॅममध्ये जुना पत्ता आहे. गो तो पत्ता घेऊन जाईल, गिटहब त्याला नव्या जागी पाठवेल, कोड मिळेल. इथपर्यंत ठीक. पण त्या मिळालेल्या कोडच्या आत आता नवा पत्ता लिहिलेला आहे. म्हणून गो त्या नव्या पत्त्यावरूनही तोच कोड पुन्हा आणेल. आता माझ्याकडे एकाच कोडच्या दोन प्रती झाल्या, आणि गोच्या दृष्टीनं ती दोन पूर्णपणे वेगळी पॅकेजेस आहेत. पहिल्यातला 'कंटेनर' दुसऱ्यातल्या 'कंटेनर'च्या जागी चालत नाही. अक्षर न अक्षर सारखं असूनही कंपायलर म्हणतो, हे दोघे एकमेकांचे कोणी नाहीत.

तर जुलै २०१४ मध्ये डॉकरच्या टीमनं कोडभर ते पत्ते बदलले. काम बुद्धीचं नाही, शोधा आणि बदला एवढंच. पण असा बदल सगळीकडे हात लावतो, आणि त्या वेळी ज्यांचे ज्यांचे बदल पुल रिक्वेस्टच्या रांगेत उभे होते त्यांच्यापैकी ज्यांनी त्याच ओळींजवळ काही केलं होतं, त्यांना आपलं काम नव्या कोडवर पुन्हा बसवावं लागणार हे उघड आहे. डॉकरला पॅकेज म्हणून वापरणाऱ्या बाहेरच्या लोकांनाही आपापल्या फायली बदलणं भाग होतं. नाव बदलायची हौस एकाची, झाडू मारणारे दुसरेच.

२०१४ मध्ये हे सगळं परवडलं, कारण डॉकर लहान होतं. २०१७ मध्ये ते लहान नव्हतं.

एप्रिल २०१७. टेक्ससमधलं ऑस्टिन शहर, डॉकरचीच परिषद, डॉकरकॉन. १८ तारखेला हाइक्सनं जाहीर केलं की मोबी नावाचा प्रकल्प सुरू होतोय. डॉकर ज्या सुट्या भागांपासून बनतं ते सगळे भाग आणि ते जोडायची पद्धत म्हणजे मोबी. हे समाजाचं, खुलं. त्यातून कंपनी जे तयार उत्पादन बनवते ते डॉकर. लिनक्सच्या जगात फेडोरा आणि रेड हॅट यांचं जसं नातं आहे तसं. नाव आलं डॉकरच्या चिन्हातल्या व्हेल माशावरून, त्याचं लाडकं नाव मोबी डॉक.

कल्पना वाईट नव्हती, असं माझं मत. कंपनीचा ब्रँड आणि सगळ्यांचा कोड एकाच शब्दात अडकले की भांडणं होतातच. पण लोकांपर्यंत ती पोचली कशी? अनेकांनी नेहमीसारखा डॉकर/डॉकर हा पत्ता उघडला आणि समोर मोबी/मोबी. कुठलीही चूक दिसली नाही, कुठला एरर आला नाही, फक्त घरावरची पाटी वेगळी. रीडायरेक्ट इतका चोख चालला की लोकांना आधी धक्का बसला आणि मग कारण शोधावं लागलं. डॉकरचंच नाव बदललं का? डॉकर आता विकतचं होणार का? मी लिहिलेला कोड नेमका कोणाच्या नावावर गेला? ज्या पुल रिक्वेस्टमधून हा बदल मांडला गेला तिच्याखालीच हे प्रश्न पडायला लागले. खुलाशांवर खुलासे द्यावे लागले: तुमची डॉकर ही कमांड तीच राहणार, तुम्ही डाउनलोड करता ते तेच राहणार. पुढे कमांडचा कोड डॉकर/सीएलआय या वेगळ्या रिपोत गेला, त्यानं आणखी थोडा गोंधळ वाढला, पण वापरणाऱ्याच्या बोटांना काही नवीन शिकावं लागलं नाही.

यंत्रांचं मात्र काहीच बिघडलं नाही. आणि त्याचं कारण मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल वाटतं. या वेळी त्यांनी रिपोचं नाव बदललं, पण कोडमधले पत्ते बदललेच नाहीत! रिपो मोबी/मोबी, आणि आत प्रत्येक फाइल तेव्हाही गिटहब डॉट कॉम, डॉकर, डॉकर अशीच हाक मारत होती. बिल्ड ज्या कंटेनरमध्ये होतो त्यातही कोड डॉकर/डॉकर याच फोल्डरमध्ये ठेवला जायचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये तर त्यांनी कोडमध्ये पॅकेजच्या नावापुढे एक टिप्पणी जोडली. गोमध्ये अशी सोय आहे की पॅकेज स्वतःच सांगू शकतं, माझा अधिकृत पत्ता हा, दुसऱ्या पत्त्यानं मला बोलावलंत तर मी येणार नाही. मोबीच्या घरातल्या सगळ्यांनी छातीवर डॉकर नावाचा बिल्ला लावला, असं समजा.

दिसायला विचित्र आहे. नवीन माणूस बावचळतो. पण २०१४ सारखी झाडाझडती जगभर करायला लावण्यापेक्षा हा विचित्रपणा स्वस्त होता.

असंच काहीसं जेन्किन्समध्ये आहे. कोड आपोआप तपासणारं, जोडणारं हे साधन २०११ पर्यंत हडसन नावानं ओळखलं जायचं. सन कंपनी ओरॅकलनं घेतल्यावर कोड कुठे ठेवायचा यावरून वाद पेटला, ओरॅकलनं हडसन या नावावर हक्क सांगितला, आणि जानेवारी २०११ मध्ये समाजानं २१४ विरुद्ध १४ मतांनी नाव बदलायचं ठरवलं. जेन्किन्सच्या पोटात मात्र जावाची पॅकेजेस आजही हडसन नावानंच आहेत, कारण ती बदलली तर लोकांनी लिहिलेले प्लगइन मोडतील. भांडून घर सोडलं, पण आडनाव ठेवावं लागलं!

परत डॉकरकडे. कारण याच २०१७ मध्ये डॉकरला दुसऱ्याच कुणाच्या तरी नामबदलाचा फटका बसला, आणि तो बदल होता फक्त एका अक्षराचा. अक्षराचा पण नाही, अक्षराच्या उंचीचा.

लॉगरस नावाची गोमधली एक लायब्ररी आहे. प्रोग्रॅम काय करतोय याची नोंद, लॉग, नीटनेटकी लिहायचं काम ती करते. डॉकर ती वापरायचं, आणि डॉकरसारखे कितीतरी प्रकल्प वापरायचे. तिच्या लेखकाचं गिटहबवरचं नाव सिरुपसेन. इंग्रजीत लिहिताना पहिला एस मोठा होता. त्यानं तो लहान केला.

आता इथे तीन यंत्रणांची तीन मतं आहेत. गिटहब म्हणतं, मोठा काय नि लहान काय, मला एकच, दोन्ही पत्ते एकाच रिपोकडे नेतात. गो म्हणतं, एक अक्षर वेगळं म्हणजे पत्ता वेगळा, पॅकेज वेगळं. आणि मॅक किंवा विंडोजची फाइल सिस्टीम साधारणपणे म्हणते, ही दोन फोल्डर एकाच नावाची आहेत, शेजारी शेजारी ठेवता येणार नाहीत. समजा तुमच्या प्रकल्पात दोन लायब्ररी आहेत. एकीनं लॉगरसला मोठ्या एसनं बोलावलंय, दुसरीनं लहान. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पण एकत्र आल्या की गो बिल्ड नाकारतं आणि सांगतं, इथे फक्त लहान-मोठ्या अक्षराच्या फरकाचे दोन पत्ते टकरत आहेत.

यातून एकट्यानं सुटता येत नाही हीच खरी अडचण. मी माझा कोड लहान एसवर नेला, पण मी वापरतो ती लायब्ररी मोठ्यावर राहिली, तर टक्कर. ती लायब्ररी पुढे गेली आणि मी मागे राहिलो, तरी टक्कर. सगळ्यांनी एकाच वेळी रस्ता ओलांडायचा, आणि सिग्नल कोणाच्याच हातात नाही. शेवटी लहान एस हाच एकमेव पत्ता असं ठरलं आणि लॉगरसच्या पहिल्या पानावर तशी सूचना लागली. डॉकरनं जुलै २०१७ मध्ये आपल्या कोडमधले लॉगरसचे सगळे पत्ते लहान एसचे केले. गिटहबचा रीडायरेक्ट या सगळ्यात पूर्ण वेळ व्यवस्थित चालू होता, बरं का. त्याचा उपयोग शून्य.

म्हणून मला कोणी विचारलं की रिपोचं नाव बदललं तर काम अडेल का, तर मी उलट विचारतो, तो पत्ता वाचतंय कोण? माणसं आणि गिट वाचत असतील तर बिनधास्त बदला. कोडमध्ये तो पत्ता ओळख म्हणून लिहिला गेला असेल तर थांबा, आणि आधी मोजा.

आणि नाव बदलून झाल्यावर जुन्या नावाचं काय? यावर २०१८ पर्यंत फारसा कुणी विचार केला नव्हता. त्या वर्षी फेब्रुवारीत गोमधल्या एका लोकप्रिय साधनाच्या, गो-बिनडेटाच्या, लेखकानं आपलं गिटहब खातं बंद केलं. जगभरचे बिल्ड त्या पत्त्यावर अवलंबून होते. मग कोणीतरी त्याच नावानं नवीन खातं उघडलं आणि तिथे तोच कोड पुन्हा ठेवला. हेतू चांगला होता, बिल्ड चालू राहावेत एवढाच. पण बघणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. उद्या वाईट हेतूचा माणूस असंच करेल, आणि त्या पत्त्यावर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येक मशिनमध्ये त्याचा कोड गुपचूप उतरेल!

रीडायरेक्टलाही हेच लागू आहे. जुन्या नावानं त्याच खात्यात नवीन रिपो बनवला की रीडायरेक्ट त्या क्षणी संपतो, आणि जुना पत्ता नव्या रिपोकडे जायला लागतो. खात्याचं नाव बदलून जुनं सोडून दिलं तर ते दुसरा कोणीही घेऊ शकतो. २०१८ मध्येच गिटहबनं एक कुलूप लावलं: खात्याचं नाव बदलायच्या किंवा खातं हटवायच्या आधीच्या आठवड्यात जो सार्वजनिक रिपो १०० पेक्षा जास्त वेळा क्लोन झाला असेल, त्याचा जुना पत्ता पुन्हा कुणालाच मिळणार नाही. २०२२ मध्ये सुरक्षा संशोधकांनी या कुलुपातूनही वाट काढून दाखवली, मग तीही बुजवावी लागली. आणि १०० च्या आत असलेले रिपो? त्यांची राखण मालकानंच करायची. गिटहब अ‍ॅक्शन्स, म्हणजे कोड तपासण्याची आपोआप चालणारी कामं, यांच्या बाबतीत तर गिटहबनं हात वर केले आहेत. अ‍ॅक्शनच्या रिपोचं नाव बदललं तर ती वापरणाऱ्यांना रीडायरेक्ट मिळत नाही, सरळ 'रिपो सापडला नाही' येतं. कठोर आहे, पण मला ते पटतं. गुपचूप दुसऱ्याच दारात नेऊन सोडण्यापेक्षा दार बंद असल्याचं सांगितलेलं बरं. गिटहब पेजेसवर चालणाऱ्या प्रकल्पाच्या वेबसाइटचा पत्ताही वळवला जात नाही, तो थेट बदलतो.

तुमच्यापैकी कोणाच्या कॉलेज प्रोजेक्टला 'टेस्ट-फायनल-२' असं नाव असेल आणि नोकरीच्या अर्जाआधी ते बदलायचं असेल, तर खुशाल बदला. सेटिंग्जमध्ये जाऊन दहा सेकंदांचं काम आहे. फक्त बदलायच्या आधी ग्रुपवर मित्रांना सांगा, नंतर प्रत्येकानं आपापल्या मशिनवर गिट रिमोट सेट-यूआरएल ही कमांड देऊन ओरिजिनचा पत्ता नवा करा. रीडायरेक्ट आहे म्हणून हे टाळू नका, कारण सहा महिन्यांनी जुन्या नावाचा नवा रिपो बनवणारा बहुधा तुमच्याच ग्रुपमधला कोणीतरी असतो. रीडमीमधल्या लिंक, सबमॉड्यूल, आणि डिप्लॉय करणाऱ्या स्क्रिप्ट एकदा शोधून घ्या. प्रोजेक्ट गोमध्ये असेल तर वरची सगळी गोष्ट पुन्हा एकदा वाचा.

डॉकरचं पुढे काय झालं? डॉकर/डॉकर हा पत्ता कोडच्या आत २०१७ नंतरही वर्षानुवर्षं जिवंत राहिला. गोमध्ये मॉड्यूल आली, कंपनीत हाइक्स राहिला नाही, कंपनीचा अर्धा धंदा विकला गेला, तरी फायलींच्या माथ्यावर तेच. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये डॉकर इंजिनची २९ वी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत सांगण्यात आलं की जुन्या पत्त्याच्या गो मॉड्यूलला आता नवे बदल मिळणार नाहीत, इथून पुढे मोबी/मोबी/क्लायंट आणि मोबी/मोबी/एपीआय वापरा. पाटी बदलली एका दिवसात, हाक बदलायला साडेआठ वर्षं लागली. आणि तीही तोडून नाही. जुन्या हाकेला जुना कोड अजून मिळतोच, ज्याला पुढचं हवं त्यानं आपल्या सवडीनं पत्ता बदलायचा.

फोनवर आत्ता ब्राउझर उघडा आणि गिटहबवर डॉकर/डॉकर टाका. पान उघडेल, आणि वर नाव दिसेल मोबी/मोबी.